सहावी उडी

टोकियो ऑलिम्पिक, १ ऑगस्ट २०२१, बायकांची तिहेरी उडी. तुम्ही रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसला आहात. महामारीमुळे प्रेक्षकांना बंदी. खाली व्हेनेझुएलाची युलिमार रोहास उभी आहे, उंची १.९२ मीटर. पहिल्याच प्रयत्नात तिने १५.४१ मीटर गाठलेत. बाकी कुणी १५.०१ च्या पुढे गेलेलं नाही. सुवर्ण तिचंच. ही सहावी उडी तिने मारली नाही तरी चालेल.

ती धावू लागते.

तिचा पाय फळीवर पडायच्या आत मागे चला. १० ऑगस्ट १९९५, स्वीडनमधलं गॉथेनबर्ग. युक्रेनच्या इनेसा क्रावेट्सचे दोन फाउल झालेत, तिसराही गेला तर संपलंच. ती १५.५० मारते, विश्वविक्रम. बायकांची तिहेरी उडी ऑलिम्पिकमध्ये अजून आलेलीसुद्धा नाही. आणि युलिमार? तिच्या जन्माला दोन महिने अवकाश आहे.

आता २०१५. पुएर्तो ला क्रूझच्या गरीब वस्तीत वाढलेली, व्हॉलीबॉलची स्वप्नं पाहिलेली ही पोरगी फेसबुकवर एक निरोप धाडते, थेट इव्हान पेद्रोसोला. क्यूबाचा लांब उडीतला ऑलिम्पिक विजेता! कुणी उत्तर दिलं असतं? तो देतो. ती स्पेनमधल्या ग्वादालाहाराला त्याच्याकडे शिकायला जाते. पुढच्याच वर्षी रिओत रौप्य.

परत या, फळी आली. आधी लंगडी: ज्या पायावर उडाली त्याच पायावर उतरायचं, अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या एका घोट्यावर. मग दुसऱ्या पायावर ढांग. तिची ही ढांग आखूडच पडते. आणि शेवटची झेप, जिच्यात ती सगळं वसूल करते. वाळू उडते. आकडा येतो: १५.६७. वयाने तिच्याहून थोरला असलेला विक्रम मोडला. गरज नसलेल्या उडीत! मला तिची हीच उडी सगळ्यात प्रिय आहे. पुढच्या वर्षी बेलग्रेडमध्ये इनडोअर मारलेल्या १५.७४ पेक्षाही.

२०२३, बुडापेस्टची जागतिक स्पर्धा. इथे मात्र गरज आहे. पाच उड्या संपल्या तरी ती पदकाबाहेर. सहावी: १५.०८, चौथं आउटडोअर जागतिक सुवर्ण. एप्रिल २०२४ मध्ये टाचेमागची शीर दुखावते, पॅरिस ऑलिम्पिक हुकतं.

सप्टेंबर २०२५. पुन्हा जागतिक स्पर्धा, पुन्हा टोकियो, तेच स्टेडियम. या वेळी तुमच्या शेजारची खुर्ची भरलेली आहे. फलकावर १४.७६, कांस्य. ती वाळूतून उठते, पाय झटकते.