फलकावरचे नाव, कपाटातले पुस्तक

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात नवेगावबांध आहे. भोवती डोंगर आणि मध्ये अफाट तलाव. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असे सांगतात. कोहळी समाजाची ओळखच तलाव बांधणारे अशी. येथल्या जंगलाला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. येथल्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अली यांचे नाव आहे.

मराठी मुसलमान वाचकाला हे नाव पाहून बरे वाटते. मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्मलेला एक माणूस पूर्व विदर्भातल्या एका तळ्याकाठी कायमचा येऊन बसला, ही गोष्ट सुखावणारीच आहे. पण ‘सलीम अली आपले’ असे अभिमानाने म्हणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्यांचे एखादे पुस्तक हातात घेतले आहे? हा प्रश्न मी प्रथम स्वतःला विचारला, आणि उत्तर देताना मान खाली गेली. पुस्तक पाहिले होते, वाचले नव्हते. लेखकाचे नाव फलकावर राहणे आणि त्याचे पुस्तक वाचकाच्या हातात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा लक्षात आले. पुढचे विवेचन त्या फरकाविषयी आहे.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळले. छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, आणि तिची जात विचारायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, ही हकिकत सर्वज्ञात आहे. पुढची हकिकत त्या मानाने कमी सांगितली जाते. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली नोकरी सुटल्यावर ते अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांचे त्यांनी महिनोन्‌महिने निरीक्षण केले आणि त्या निरीक्षणाने त्यांचे नाव अभ्यासकांत झाले. पत्नी तहमीना त्यांच्या इंग्रजी लेखनावर हात फिरवीत. १९३९ मध्ये त्या गेल्या. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९४१ मध्ये निघाले, ते पाहायला त्या नव्हत्या.

त्या पुस्तकामागे एक संस्था उभी होती. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते काढले आणि पुढे वाऱ्यावर सोडले नाही. चित्रे वाढवली, मजकूर सुधारला, आवृत्त्या काढत राहिली. लेखक १९८७ साली गेले. तेरावी आवृत्ती २००२ मध्ये आली. म्हणजे लेखकाच्या मागे पंधरा वर्षांनी, आणि पुस्तक एकसष्ट वर्षांचे झाल्यावर! पद्मविभूषण, राज्यसभेचे सदस्यत्व हे सगळे सलीम अलींना मिळाले, ते योग्यच झाले. पण त्यांचे पुस्तक जिवंत राहिले ते या मानसन्मानांमुळे नव्हे. ते जबाबदारी मानून छापणारे कोणी तरी होते म्हणून राहिले.

आता पुन्हा नवेगावबांधला येऊ. सत्तरच्या दशकात येथे एक वनाधिकारी नोकरीला होता. नाव मारुती चितमपल्ली. जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा, सोलापूरचा. मराठी, तेलुगू, गुजराती, उर्दू या भाषा ज्या शहराच्या गल्ल्यांत एकमेकींना खेटून राहतात, त्या शहरात त्यांचे कान तयार झाले. कोईमतूरला वनविद्येचे शिक्षण घेऊन ते वनखात्यात आले आणि १९९० मध्ये निवृत्त झाले. नवेगावातल्या मुक्कामाने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे तळे आणि त्यावरचे पक्षी. दुसरी म्हणजे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखी माणसे, ज्यांना त्या पक्ष्यांची नावे, येण्याजाण्याच्या वेळा आणि सवयी पुस्तकावाचून ठाऊक होत्या. कोहळी, गोंड, ढिवर यांच्या तोंडी असलेले हे ज्ञान चितमपल्लींनी ऐकले, टिपून ठेवले आणि मराठीत आणले. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकांतून गोंदियाचे जंगल पुण्या-मुंबईच्या वाचकाला भेटले. ‘चकवाचांदण’ हे त्यांचे आत्मचरित्र तर मराठीतल्या मोठ्या आत्मचरित्रांत गणले जाते.

२००२ मध्ये त्यांचा ‘पक्षीकोश’ आला. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनी मराठीला दिले. कोश ही कथा-कादंबरीसारखी खपणारी वस्तू नव्हे. तो तयार व्हायला आयुष्य लागते, छापायला पैसा लागतो आणि विकायला धीर लागतो. वाचक तो एकदा घेतो आणि वीस वर्षे वापरतो, त्यामुळे दुकानदाराला त्यात फारसे काही सुटत नाही. असा कोश नागपूरच्या एका प्रकाशकाने काढावा, ही विदर्भाच्या ग्रंथव्यवहारातली नोंद घेण्यासारखी घटना आहे. सलीम अलींमागे शंभर वर्षांची संस्था होती. मराठी कोशकारामागे बहुधा एकटादुकटा प्रकाशक असतो. तो थकला, त्याच्या मुलाने दुसरा धंदा धरला, की पुस्तकाचे काय होते, ते जुन्या बाजारात फिरणाऱ्यांना सांगायला नको.

चितमपल्लींचे सार्वजनिक आयुष्य तसे उशिराच सुरू झाले. जंगलात रमलेला हा अबोल माणूस २००६ मध्ये सोलापूरच्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. २०२० पासून महाराष्ट्र शासनाने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. पहिला दिवस चितमपल्लींच्या जन्माचा आणि शेवटचा सलीम अलींच्या. २०२५ मध्ये चितमपल्लींना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात त्यांचे निधन झाले. एका मुसलमान पक्षिशास्त्रज्ञाला आणि एका मराठी लेखकाला राज्याने एका आठवड्यात बांधले, याहून सुंदर योग कोणता? पण या आठवड्यात शाळांमधून फेऱ्या निघतात, भाषणे होतात, छायाचित्रे काढली जातात. त्या दिवशी एखाद्या मुलाला ‘पक्षीकोश’ चाळावासा वाटला, तर तो त्याला गावात कोठे मिळेल?

हा प्रश्न फक्त पक्ष्यांच्या पुस्तकांचा नाही, आपलाही आहे. ज्या सोलापूरने चितमपल्ली दिले, त्याच सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांच्याकडे होते. मराठी मुसलमान लेखक आहे, तो मराठीतच लिहितो, हे ठासून सांगण्याची तेव्हा गरज होती, आणि ते सांगून झाले. संमेलने झाली, ठराव झाले, शाली पांघरल्या गेल्या. परंतु त्या व्यासपीठांवरून ज्यांनी कविता वाचल्या, त्यांचे संग्रह आज कोठे आहेत? बहुतेकांनी पदरमोड करून पुस्तक काढले. निम्म्या प्रती भेट दिल्या, उरलेल्या पलंगाखाली राहिल्या. लेखक गेल्यावर मुलांनी रद्दीत घातल्या, कारण मुले इंग्रजी शाळेत गेली होती. आपण लेखकाचे सार्वजनिक जीवन उभे केले, पुस्तकाचे मात्र उभे केले नाही.

ज्या समाजाला मिळालेली पहिली दैवी आज्ञा वाचण्याची आहे, त्याने पुस्तकाकडे असे पाहावे, याचे वैषम्य वाटते. उर्दूच्या इतिहासात याच्या उलट उदाहरण आहे. १८५८ मध्ये मुन्शी नवलकिशोर यांनी लखनौला छापखाना घातला. हा हिंदू गृहस्थ, पण उर्दू-फारसीचे ग्रंथच नव्हे, कुरआनच्या प्रतीही त्याने छापल्या आणि स्वस्तात दूरवर पोचवल्या. कितीतरी शायरांची नावे टिकली, त्यात कातिबाचा आणि या छापखान्याचाही वाटा आहे. प्रकाशक हा लेखकाचा मुनीम नसून भागीदार असतो, हे मुन्शीजींकडे पाहून कळते.

मराठी पुस्तकाची एक आवृत्ती एकेकाळी अकराशे प्रतींची असे. आता पाचशे, तीनशे, कधी शंभरसुद्धा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगाव वाचनालये झाली आणि प्रकाशकांना तोच मोठा आधार झाला. त्याची दुसरी बाजूही आहे. ग्रंथालय घेईल अशी किंमत आणि ग्रंथालय घेईल असे पुस्तक, या हिशेबात खरा वाचक बाजूला पडला. आता मागणी येईल तशी एकेक प्रत छापून देणारी यंत्रे आली आहेत. छोट्या लेखकासाठी ही मोठी सोय आहे, कारण पुस्तक संपले असे म्हणण्याचे कारण उरत नाही. मोबाइलवर पुस्तक वाचता येते, ऐकताही येते. मात्र त्याच मोबाइलवरून पुस्तकाची चोरटी प्रत फुकट फिरते, आणि ती पुढे पाठवणारा स्वतःला साहित्यप्रेमी समजतो. यंत्राने छपाई सोपी केली. पुस्तक वाचकापर्यंत नेण्याचे काम माणसांनाच करायचे आहे.

ते कसे करावे, हे शिकायला गोंदियाहून लांब जावे लागत नाही. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक असते. धान कापणीच्या हंगामातला थकलेला शेतकरी तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतो. या रंगभूमीने प्रेक्षक शहरात येण्याची वाट पाहिली नाही. ती तंबू, पडदे घेऊन त्याच्या गावी गेली, त्याच्या बोलीत बोलली. मराठी पुस्तक मात्र अजून शहरातल्या दुकानात बसून वाचकाची वाट पाहते. गोंदिया शहराच्या बाजारात तर हिंदीच जास्त चालते. तेथे मराठी पुस्तक आपणहून कोण मागणार?

पक्षी सप्ताह याच मंडईच्या दिवसांच्या आगेमागे येतो. नवेगावबांधच्या, अर्जुनीच्या, देवरीच्या मंडईत जिलेबीच्या आणि खेळण्यांच्या दुकानांशेजारी एक टेबल पुस्तकांचे लागले तर? त्यावर चितमपल्ली असावेत, सलीम अलींची मराठीत सोपी ओळख असावी, झाडीबोलीतल्या कविता असाव्यात, आणि आपल्या मुसलमान कथाकारांचेही दोन-चार संग्रह असावेत. किंमत नाटकाच्या तिकिटाइतकी. पहिल्या वर्षी दहा पुस्तके खपतील, दुसऱ्या वर्षी वीस. हे शासनाच्या आदेशाने होणार नाही. आपल्या परिषदेच्या जिल्हा शाखांना, एखाद्या मदरशाच्या शिक्षकाला, एखाद्या महाविद्यालयातल्या चार मुलांना करता येईल एवढेच हे काम आहे.

चितमपल्लींनी जे लिहिले, ते मुळात नवेगावच्या माणसांनी त्यांना सांगितलेले होते. ढिवराने पक्षी दाखवला, त्याचे नाव सांगितले आणि ते नाव कोशात गेले. त्या ढिवराच्या नातवाने तो कोश उघडून आजोबाचा शब्द छापील पाहिला, तर त्या पुस्तकाचे देणे फिटले. तोवर फलकावरचे नाव कितीही मोठ्या अक्षरात लिहिले तरी उधारी बाकीच राहील.