भंगारात न गेलेला ‘बी-२७५’

जुन्या वाड्यांचा, नाण्यांचा इतिहास आपण आवडीने लिहितो; यंत्रांचा मात्र किलोच्या भावाने विकून टाकतो. माझ्याकडचा जुना लाल ‘बी-२७५’ ट्रॅक्टर भंगारवाल्याला द्यायला म्हणूनच मन झाले नाही.

पस्तीस अश्वशक्तीच्या या यंत्राची कुळकथा रंजक आहे. मूळ कंपनी अमेरिकन, इंटरनॅशनल हार्वेस्टर. जन्म १९५८ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि हार्वेस्टर एकत्र आले आणि १९६५ पासून मुंबईत, कांदिवलीला, हाच ट्रॅक्टर तयार होऊ लागला. त्याआधी काही वर्षांपर्यंत आपल्याकडे ट्रॅक्टर येत, ते बोटीनेच.

माझ्या ट्रॅक्टरचे इंजिन जाम झाले होते. मिस्त्रींनी चारही पिस्टन-लाइनर बदलले, नोझल साफ केले, डिझेल पंप दुरुस्त केला. नवा रंग मात्र मी देऊ दिला नाही. नांगरणी तासांवर आली, तशी दावणीची बैलजोडी गेली. बैलांमागोमाग औते करणाऱ्या सुताराचे कामही गेले. त्या साऱ्या वर्षांच्या खुणा या पत्र्यावर आहेत. त्या चकचकीत रंगाखाली झाकायच्या कशाला?

‘२७५’ हा आकडा महिंद्रच्या ट्रॅक्टरवर आजही दिसतो. तुमच्या गोठ्यामागे असा एखादा ट्रॅक्टर गंजत पडला असेल, तर विकण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : हा कधी आला, किती कर्ज काढून आला, पहिल्यांदा कुठल्या रानात चालला? सांगणारी माणसे अजून आहेत, तोवर हे लिहून ठेवायला हवे.