मध्यम फॉरमॅट रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचे बाह्य दृश्यशोधक

बाह्य दृश्यशोधक किंवा बाह्य व्ह्यूफाइंडर हे कॅमेऱ्याच्या माथ्यावरील शूमध्ये बसवायचे छोटे प्रकाशीय उपकरण आहे. कॅमेऱ्याच्या अंतर्गत दृश्यशोधकात ज्या भिंगाची चौकट दाखवलेली नसते, त्या भिंगाने टिपले जाणारे दृश्य त्यातून पाहता येते. १२० क्रमांकाची रोल फिल्म वापरणाऱ्या मध्यम फॉरमॅटच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत प्रामुख्याने वाइड अँगल भिंगांसाठी त्याचा उपयोग होतो.

== गरज ==
रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून नव्हे, तर वेगळ्या खिडकीतून दृश्य पाहतो. या खिडकीत ठरावीक भिंगांच्याच चौकटी असतात. १९९५ मध्ये बाजारात आलेल्या मामिया ७ या ६×७ सेंमी फॉरमॅटच्या कॅमेऱ्यात ६५, ८० आणि १५० मिमी भिंगांच्या चौकटी आहेत. ४३, ५० आणि २१० मिमी भिंगांसाठी बाह्य दृश्यशोधक वापरला जातो. ब्रॉनिका आरएफ६४५ या कॅमेऱ्याच्या ४५ मिमी भिंगासाठीही तो लागतो. याउलट मामिया ६ च्या ५०, ७५ आणि १५० मिमी या तिन्ही भिंगांच्या चौकटी अंतर्गत शोधकातच आहेत.

== निवडीचे निकष ==
मूळ दृश्यशोधक उपलब्ध नसल्यास ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठी बनवलेला शोधक वापरण्याची पद्धत आहे. चौकटीच्या कर्णाचा विचार केल्यास ६×७ फॉरमॅटमधील ४३ मिमी भिंग ३५ मिमी कॅमेऱ्यातील सुमारे २१ मिमी भिंगाशी, तर ५० मिमी भिंग सुमारे २४ मिमी भिंगाशी समतुल्य ठरते. मात्र केवळ शोधकावरील आकडा जुळणे पुरेसे नसते, कारण दोन्ही चौकटींच्या लांबी-रुंदीचे प्रमाण भिन्न असते. ३५ मिमी चौकटीचे प्रमाण ३:२ असते, तर ६×७ ची चौकट प्रत्यक्षात सुमारे ५६×६९.५ मिमी, म्हणजे चौरसाच्या अधिक जवळची असते.

२१ मिमी शोधकाचा आडवा दृश्यकोन सुमारे ८१° व उभा ५९° असतो. ६×७ वरील ४३ मिमी भिंगाचे हेच कोन अनुक्रमे सुमारे ७८° व ६६° असतात. परिणामी शोधकात दिसलेल्या कडेच्या वस्तू फिल्मवर येत नाहीत आणि न दिसलेले आकाश वा जमीन चित्रात येते. ६×७ फॉरमॅटमध्ये १२० च्या एका रोलवर केवळ १० चित्रे निघतात आणि चूक फिल्म धुतल्यावरच कळते. त्यामुळे हा फरक महत्त्वाचा ठरतो.

== प्रकार ==
* '''उलट गॅलिलिओ प्रकार :''' पुढे अंतर्वक्र व मागे बहिर्वक्र भिंग असते. रचना साधी व हलकी असते. मात्र डोळा सरकल्यास चौकटीची कड सरकल्यासारखी भासते.
* '''अल्बाडा प्रकार :''' चौकटीच्या रेषा अर्धपरावर्तक पृष्ठभागावरून परावर्तित होऊन दृश्यावर तरंगल्यासारख्या दिसतात.
* '''कॉन्टूर प्रकार :''' फोइग्टलेंडर कंपनीच्या या अपारदर्शक शोधकात एका डोळ्याला काळ्या पार्श्वभूमीवरील पांढरी चौकट व दुसऱ्याला प्रत्यक्ष दृश्य दिसते. दोन्ही डोळे उघडे ठेवल्यावर मेंदू त्या प्रतिमा एकत्र करतो.

== पराशय ==
शोधक भिंगाच्या वर असल्याने दोघांच्या दृश्यक्षेत्रांत पराशय (पॅरलॅक्स) निर्माण होतो. समजा, शोधकाचा अक्ष भिंगाच्या ८ सेंमी वर आहे. ४३ मिमी भिंगासाठी ६×७ चौकटीत १ मीटर अंतरावर सुमारे १३० सेंमी उंचीचे दृश्य येते; त्यात ही तफावत सुमारे ६ टक्के होते. १० मीटरवर ती १ टक्क्याहूनही कमी असते. म्हणून निसर्गचित्रणात ती सहसा जाणवत नाही, परंतु जवळच्या विषयासाठी कॅमेरा किंचित वर उचलावा लागतो.

== मर्यादा आणि पडताळणी ==
बाह्य शोधकातून फोकस साधता येत नाही. रेंजफाइंडरशी जोडलेल्या भिंगांचा फोकस अंतर्गत खिडकीतून साधून नंतर डोळा बाह्य शोधकाला लावावा लागतो. शू व्यापलेला असल्याने तेथे फ्लॅशही बसवता येत नाही. ज्या कॅमेऱ्यात पाठीमागचे झाकण उघडे असताना शटर उघडे ठेवता येते, त्यात फिल्मच्या जागी अर्धपारदर्शक कागद ताणून बसवतात आणि त्यावर उमटलेल्या प्रतिमेच्या कडा शोधकातील चौकटीशी ताडून पाहतात.