चाटू, चौगुले आणि चुलतभाऊ

आमच्या बोरीवलीच्या घरात परदेशी वाटावी अशी वस्तू एकच. गॅलरीतली हिरवी, जाडजूड बाटली. तिच्यात मनी प्लांट आहे. ती मला एका साहेबांच्या निवृत्तीच्या पार्टीत मिळाली, अर्थात रिकामी झाल्यावर. भरलेली असताना ती क्लार्कांच्या टेबलापर्यंत आलीच नव्हती.

लेबल निम्मे उरले होते. आमच्या हिने ते अडखळत वाचले, "चा-टू... अहो, हे चाटू काय?" मी बी.कॉम. असलो तरी हे मला ठाऊक होते. म्हटले, "शातो. म्हणजे फ्रेंच गढी. द्राक्षाच्या मळ्यातला वाडा." खाली 'मार्की द पोंपादूर' होते. आईने विचारले, "ही कोण रे? राणी का?" फ्रान्सच्या पंधराव्या लुईशी त्या बाईंचे काय नाते होते, हे तुळशीवृंदावनाशेजारी उभे राहून कसे सांगणार? म्हणालो, "जवळजवळ."

आणि हा फ्रेंच वाडा कुठे, तर नारायणगावला! पुणे-नाशिक रस्त्यावर, जुन्नर तालुक्यात. विठाबाईंचे नारायणगाव, जिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. तिथे 1980 च्या दशकात शामराव चौगुले नावाच्या गृहस्थांनी शँपेनसारखी फसफसणारी वाइन काढायचे मनावर घेतले. घरी ताकात पाणी किती घालायचे यावर आमच्यात एकमत होत नाही. चौगुल्यांनी थेट फ्रान्समधल्या पायपर-हाइडसिक या घराण्याची तांत्रिक मदत मिळवली. त्यांची 'ओमर खय्याम' परदेशात जाऊ लागली, तेव्हा आपल्या द्राक्षाची वाइन गोरे लोक पैसे देऊन पितात, ही बातमीच होती.

ती करायची रीत मात्र बँकेच्या खातेवहीला शोभेल अशी चिकट. तयार वाइन बाटलीत भरून पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालायचे, म्हणजे ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते आणि वायू आत कोंडतो. दाब मोटारीच्या टायरच्या दुपटी-तिपटीचा. (म्हणून बूड जाड. आमचा मनी प्लांट विनाकारण सुरक्षित आहे.) मग बाटल्या उलट्या तिरक्या लावून रोज थोड्या थोड्या फिरवायच्या. गाळ मानेत उतरला की मान गोठवून तो तेवढा बाहेर उडवायचा. हेड ऑफिसने ही पद्धत अजून बदल्यांसाठी कशी वापरली नाही, याचे मला नवल वाटते.

त्या पायपर-हाइडसिकची वंशावळ वाचली आणि मला आमच्या कोकणातल्या घराची आठवण आली. मूळपुरुष फ्लोरांस-लुई हाइडसिक. म्हणजे अस्सल फ्रेंच? छे! जर्मन, धर्मोपदेशकाचा मुलगा, कापडाचा व्यापारी. रँस गावी येऊन 1785 साली त्याने वाइनची पेढी काढली. मागे मूल नाही, म्हणून पुतण्या-भाच्यांना बोलावून घेतले. पुढे काय झाले हे मराठी वाचकाला सांगायला नको. एकाच नावाच्या तीन पाट्या लागल्या! एका पुतण्याची विधवा पायपर नावाच्या गृहस्थाशी लग्न करून मोकळी झाली, म्हणून एक पाटी पायपर-हाइडसिक. दुसऱ्या पुतण्याने 1811 साली पांढऱ्या घोड्यावर बसून मॉस्को गाठले. नेपोलियन येतोय हे त्याला ठाऊक होते. लढाई कुणीही जिंको, जिंकणाऱ्याला बाटली लागणारच.

त्याचा मुलगा चार्ल्स हा खरा माझ्या खात्यातला माणूस. त्याने 1851 साली तिसरी पाटी लावली आणि अमेरिकेत इतका माल खपवला की लोक त्याला 'शँपेन चार्ली' म्हणू लागले. तेवढ्यात 1861 साली तिथे यादवी युद्ध पेटले आणि तिथल्या एजंटाने पैसे बुडवले. चार्ली स्वतः वसुलीला निघाला! दक्षिणेत कुणी पैशांऐवजी कापूस दिला, आणि वर हेर म्हणून उत्तरेच्या सैन्याने त्याला तुरुंगात टाकले. मी वसुली खात्यात तीन वर्षे होतो. कर्जदाराने फार तर कुत्रा सोडला. पुढे त्या एजंटाच्या भावाला लाज वाटून त्याने डेन्व्हर नावाच्या वाढत्या गावातल्या जमिनीचे कागद चार्लीला दिले, त्या विकून चार्लीने सगळी देणी फेडली, असे सांगतात. असा भाऊ मला एकाही जामीनदारात भेटला नाही.

नारायणगावच्या वाड्याच्या नशिबी डेन्व्हर नव्हते. पुढच्या पिढीने परदेशांत विस्तार केला, 2008 साली ऑस्ट्रेलियात वाइनरी घेतली आणि त्याच वर्षी जगाला मंदीने गाठले. कर्जे थकली, कंपनी बुडाली, हायकोर्टात अवसायनाची पाळी आली. मी व्याजाचे आकडे करणारा माणूस, पण ती बातमी वाचून मी गॅलरीत जाऊन मनी प्लांटला पाणी घालून आलो. का, ते सांगता येत नाही.

का, ते खरे म्हणजे सांगता येते. माझे मामा दिंडोरीचे. सरकारने 2001 साली वाइनचे धोरण आणले तेव्हा बऱ्याच शेतकऱ्यांनी खायची द्राक्षे सोडून वाइनची लावली, त्यांत मामाही होते. त्यांचा करार दुसऱ्याच एका कंपनीशी. 2009 साली कंपनीने माल उचलला नाही. वाइनचे द्राक्ष बारीक, आंबटगोड, बियांनी भरलेले. फळबाजारात ते कुणी फुकटही घेत नाही. मामांनी ट्रॅक्टर लावून तीन एकर वेल उपटले. मी गेलो होतो. मामा बांधावर बसले होते, म्हणाले, "भाच्या, तुझ्या बँकेचा हप्ता कधी आहे रे?" मी तारीख सांगितली. बँक माझी नव्हती, पण सांगितली.

मामी त्या द्राक्षांची दोन पातेली भरून मुरांबा करायला बसली होती. बिया काढता काढता संध्याकाळ झाली. एक बरणी आम्हाला दिली. ही म्हणाली, "चाटू घ्या, बुडाला लागेल," आणि मी इकडे तिकडे बाटली शोधू लागलो.