कर्तेपण वाढवणारी संगणकीय साधने (यवतमाळ जिल्ह्यातील शेती)

वापरणाऱ्या माणसाची स्वतः पाहण्याची, पडताळण्याची आणि ठरवण्याची ताकद वाढावी, अशा बेताने घडवलेली सॉफ्टवेअर व कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने. वापरानंतर माणसाला आपल्या कामातले किती अधिक कळू लागले, ही अशा साधनाची खरी कसोटी. यवतमाळ जिल्ह्यातील कापूसशेती हे या विषयाचे महाराष्ट्रातील महत्त्वाचे क्षेत्र होय. चुकीच्या निर्णयाची किंमत तेथे पिकाने मोजली आणि माणसांनीही.

संकल्पना : माणसाची बुद्धी वाढवणारे साधन म्हणून संगणकाचा विचार डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६२ च्या अहवालात मांडला. साधन माणसाच्या ताब्यात राहते की माणूस साधनाच्या, हा प्रश्न इव्हान इलिच यांनी १९७३ मध्ये उभा केला. अमर्त्य सेन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत माणसाची सुस्थिती आणि त्याचे कर्तेपण यांचा वेगवेगळा विचार केला. शेतकऱ्याला सल्ला मिळणे आणि शेतकऱ्याने निर्णय घेणे यांतले अंतर या भेदामुळे नेमके दिसते.

पार्श्वभूमी : सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य खरीप पिके असून बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या जनुकांमुळे झाडात तयार होणाऱ्या दोन्ही कीडनाशक प्रथिनांविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली. ही अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि शिरल्याचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड निरोगी दिसते, आत सरकी पोखरली जात असते. बोंडातल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. म्हणून फवारणी करायची की नाही यापेक्षा ती केव्हा करायची, हा प्रश्न मोठा ठरतो.

२०१७ च्या हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. उंच वाढलेली पऱ्हाटी, एकाच पंपात मिसळलेली अनेक कीटकनाशके आणि संरक्षक कपड्यांचा अभाव ही त्यामागची कारणे पुढे आली. दगावलेल्यांत मजुरीने फवारणी करणारेही होते. पंपात काय मिसळले आहे, हे ठरवण्यात त्यांना वाव नव्हता.

प्रमुख साधने : (१) क्रॉपसॅप. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीचा मोठा उद्रेक झाल्यानंतर राज्याने २००९-१० पासून हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या शेतांतील निरीक्षणे संगणकावर नोंदवून त्यांवरून सल्ले दिले जातात.

(२) कॉटनएस. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेचे मोबाइल ॲप. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) अडकलेले बोंडअळीचे पतंग कागदावर पसरून त्यांचा फोटो काढला, की ॲप ते मोजते आणि आर्थिक नुकसानीच्या पातळीशी ताडून सल्ला देते. ही मोजणी इंटरनेटशिवायही होऊ शकते. सल्ला आधी गावातील प्रमुख शेतकऱ्याकडे येतो व त्याच्याकडून इतरांपर्यंत जातो. सापळ्यामागे रोज आठ पतंग सलग तीन रात्री, किंवा वीस हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी, ही बोंडअळीसाठीची प्रचलित पातळी आहे. ही पातळी शेतकऱ्याला एकदा उमगली, की फोन हाती नसतानाही तो बोंडे फोडून खात्री करू शकतो.

(३) पाण्याचा ताळेबंद. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील पंधरा जिल्ह्यांत यवतमाळचा समावेश होता. या प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने तयार केलेल्या प्रणालीने पाऊस, जमीन व पिके यांवरून गावाच्या पाण्याचा हिशेब काढता येतो. गावाच्या आराखड्यावर चर्चा करताना लोकांच्या हाती आकडे असावेत, हा त्याचा उपयोग.

(४) ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू. पूर्वी तलाठी करत असलेली पिकाची नोंद यात शेतकरी स्वतः शेतात उभा राहून, फोटोसह करतो. सातबाऱ्यावर आपल्या पिकाबद्दल आपणच लिहिण्याचा हक्क त्यामुळे मिळाला. मात्र खरीप २०२३ च्या कापूस-सोयाबीन अर्थसाहाय्यासाठी आधी हीच नोंद आधार मानली गेली आणि ज्यांची नोंद राहिली ते अडचणीत आले. पुढे ही अट शिथिल करावी लागली. हक्काची अट झाली, की तेच साधन ओझे बनते, हे त्यातून दिसले.

(५) राज्याने जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. त्याच वर्षी शेतकऱ्यांना मराठीत सल्ला देणारे महाविस्तार हे ॲपही आले.

रचनेची तत्त्वे : सल्ल्यासोबत त्याचे कारण सांगावे, ‘फवारा’ म्हणण्याआधी किती पतंग मोजले आणि पातळी कोणती, हे दाखवावे. फोटो अस्पष्ट असेल तर साधनाने अंदाज न ठोकता तसे कबूल करावे. ‘आज फवारणीची गरज नाही’ हाही पूर्ण सल्ला मानावा, कारण वाचलेली फवारणी म्हणजे वाचलेला खर्च आणि टळलेला धोका. निंबोळी अर्क, डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुले) वेचणे, फरदड (हंगामानंतरही शेतात ठेवलेली कपाशी) न घेणे हे उपाय रसायनाच्या आधी यावेत. सल्ला देणाऱ्याचा हितसंबंध औषधविक्रीत नसावा. चुकलेली नोंद दुरुस्त करण्याची वाट आणि दाद मागायला माणूस असावा. शेतकऱ्याने दिलेली माहिती कुठे जाते, हे त्याला कळावे.

मर्यादा : जिल्ह्यात मराठीबरोबर कोलामी, गोंडी व गोरमाटी बोलल्या जातात. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांतील कोलाम पाड्यांवर केवळ लेखी, प्रमाण मराठीतला सल्ला अपुरा पडतो. तेथे आवाजाची व बोलीची सोय हवी. स्मार्टफोन बहुधा घरातल्या पुरुषाकडे असतो, वेचणी-निंदणी करणाऱ्या बाईकडे नव्हे. पतपुरवठा, हमीभाव आणि सिंचन यांचे प्रश्न कोणतेही ॲप सोडवत नाही; पर्यायच नसतील तर निर्णयाचे स्वातंत्र्य नावापुरते उरते.

सर्वांत मोठी उणीव फवारणी करणाऱ्या मजुराबाबतची आहे. सध्याची बहुतेक साधने जमिनीच्या मालकाला धरून रचलेली असून सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस त्यांत सहसा येत नाही. डब्यावरचे विषाच्या तीव्रतेचे चिन्ह फोटोवरून ओळखून, कोणते मिश्रण धोक्याचे आणि विषबाधेची पहिली लक्षणे कोणती, हे त्याच्या बोलीत ऐकवणारे साधन तंत्रदृष्ट्या अवघड नाही. त्याच्यासोबत ‘हे मी फवारणार नाही’ म्हणणाऱ्याची मजुरी बुडणार नाही, अशी हमीही लागेल. पंप पाठीवर घेणाऱ्याला नकार देता येणे, हे यवतमाळात या साधनांच्या यशाचे पहिले माप मानले पाहिजे.