दाव्याचा खर्च कोणाच्या वहीत?

विश्वस्त न्यायालयात गेले आणि हरले, तर वकिलाची फी मंदिराच्या खात्यावर लिहायची की विश्वस्ताच्या स्वतःच्या? या प्रश्नास निश्चित रूप आले ते इंग्लंडमध्ये १८९३ साली, बेडो प्रकरणात. मिळकतीचे दस्तऐवज ताब्यात मिळावेत म्हणून एका लाभार्थीने विश्वस्तावर दावा केला. विश्वस्ताने वकिलाच्या सल्ल्याने तो लढविला आणि हरला. मग सारा खर्च त्याने विश्वस्त निधीवर टाकू पाहिला. अपील न्यायालयाने ते मान्य केले नाही. दावा लढवावा की नाही, हे आधी न्यायालयाला विचारले असते तर जेवढा खर्च झाला असता, तेवढाच त्यास मिळाला. उरलेला त्याच्या पदरचा! वकिलाचा सल्ला ही काही ढाल नव्हे, हे न्यायमूर्तींनी स्पष्ट केले.

आपल्याकडे १८८२ च्या भारतीय विश्वस्त अधिनियमाने कलम ३२ मध्ये योग्य रीतीने झालेला खर्च विश्वस्तास निधीतून घेण्याची मुभा दिली, तर कलम ३४ ने न्यायालयाचा सल्ला मागण्याची वाट ठेवली. हा अधिनियम सार्वजनिक धार्मिक संस्थांस थेट लागू नाही. परंतु त्यामागील तत्त्वे न्यायालये पाळीत आली. खर्च कोणी, कोणत्या मालमत्तेतून आणि किती द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ ने न्यायालयाकडेच ठेवला आहे.

१९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम (२०१२ पासून 'महाराष्ट्र') अधिक कडक ठरला. अनियमित वा अनुचित खर्च हिशेबतपासनिसाने अहवालात नमूद करावयाचा. आणि विश्वस्ताच्या घोर निष्काळजीपणामुळे वा विश्वासभंगामुळे संस्थेचे नुकसान झाल्याचे चौकशीत ठरले, तर कलम ४० व ४१ नुसार धर्मादाय आयुक्त ती रक्कम त्याच्याकडून व्यक्तिशः वसूल करू शकतात.

याच अधिनियमाला आव्हान देणारे एक प्रकरण जैन समाजाच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. वेजलपूर (आज गुजरातेत) येथील श्वेतांबर मूर्तिपूजक जैन मंदिराचे वहिवटदार रतिलाल पानाचंद गांधी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८ मार्च १९५४ रोजी न्या. बी. के. मुखर्जी यांनी निकाल दिला. नोंदणी, हिशेब आणि अंशदान कायम राहिले. मात्र धर्मादाय आयुक्तांनाच विश्वस्त नेमण्याची कलम ४४ मधील तरतूद रद्द झाली, आणि मंदिराचा निधी न्यायालयाला इष्ट वाटेल त्या अन्य कामाकडे वळविण्याची मुभाही गेली. देवद्रव्याची मर्यादा मानणाऱ्या समाजासाठी हा दुसरा भाग लाखमोलाचा होता. असा दावा संस्थेसाठीच लढला जातो. तो निम्मा हरला तरी त्याचा खर्च निधीतून मागण्यात संकोच नसावा.

बदल अहवालावरून विश्वस्तांचे दोन गट एकमेकांविरुद्ध उभे राहतात, तेव्हा गोष्ट निराळी असते. खुर्ची कोणाची, एवढाच तेथे वाद असतो, आणि बहुधा दोन्हीकडचे वकील एकाच भंडाराकडे पाहत असतात. त्या खर्चाचा ठराव मांडताना संस्थेचा यात लाभ कोणता, हे इतिवृत्तात लिहावे लागते. हिशेबतपासनीस प्रथम तेच पान उघडतो.