गोळी पोटात गेली, पण रक्तात पोहोचलीच नाही

मेलॅनोमावरचे जुने शोधनिबंध वाचताना 'व्ही ५९९ ई' दिसलं तर गोंधळू नका. ते आजचं 'व्ही ६०० ई'च. २००२ साली इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवलं की, त्वचेच्या या कर्करोगाच्या सुमारे ६६ टक्के नमुन्यांत बीआरएएफ जनुक बदललेलं आहे. बहुतेकांत बदल एकच: व्हॅलीनच्या जागी ग्लुटामिक आम्ल. वाढीचा संदेश देणारं बटण जणू चालूच अडकलेलं. नंतर जनुकाचा मूळ क्रम दुरुस्त झाला आणि आकडा एकाने सरकला.

मग काय, बटण बंद करा! पण ते इतकं सोपं नव्हतं. रॅफ प्रथिनांना रोखणारं म्हणून आणलेलं सोराफेनिब मेलॅनोमात निष्प्रभ ठरलं. साहजिकच काहींना वाटलं, लक्ष्यच चुकलं असेल.

त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या प्लेक्सिकॉन कंपनीचं पीएलएक्स ४०३२ आलं. हे बदललेल्या बीआरएएफवर नेमकं बसायचं. तरी पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत डोस वाढवत नेला, आणि गाठी काही हटेनात. इथे जरा थांबा. 'औषध चालत नाही' असं लिहून फाइल बंद करता आली असती. पण त्यांनी रक्तातलं प्रमाण तपासलं होतं आणि ते पुरेसं वाढतच नव्हतं. स्फटिकरूप औषध नीट शोषलंच जात नव्हतं. चाचणी थांबवून औषधाचं रूप बदललं, स्फटिक नसलेली पूड केली. रेणू तोच. नव्या रूपात ठरलेल्या डोसवर ३२ रुग्णांपैकी २६ जणांच्या गाठी आकसल्या, त्यातल्या दोघांच्या तर पूर्ण नाहीशा झाल्या.

गाठींचे नमुने तपासल्यावर आणखी एक गोष्ट कळली: संदेश ८० टक्क्यांहून जास्त दबला, तरच गाठ आकसते. अर्धवट रोखून भागत नाही. (माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वात मोलाचा आकडा हाच, पण बातम्यांत तो क्वचितच येतो.)

पुढे ६७५ रुग्णांची चाचणी झाली. जुन्या डकार्बाझिनला ५ टक्के प्रतिसाद, या औषधाला ४८. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत व्हेमुराफेनिब म्हणून मंजुरी मिळाली. मात्र बहुतेकांत काही महिन्यांतच रोग पुन्हा वाढू लागला, कारण पेशी दुसऱ्या वाटेने तोच संदेश चालू करतात. म्हणून साखळीतली पुढची कडी, 'मेक', तीही सोबत रोखायला सुरुवात झाली. डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिबच्या जोडीला २०१४ च्या जानेवारीत मान्यता मिळाली, ती याच तर्कावर.